पाच कारखाने, एक्केचाळीस बिल्ले

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.
ही डायरी जयेशच्या ऑफिसची, गेल्या वर्षाची. छापलेले वार चुकीचे आहेत. वार मी माझे घालते.

संकल्प. एक, रोज कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, चालायला जाणे. दोन, नात कश्मिराकडून एबीसीडी शिकून पूर्ण करणे (मी क्यूपाशी अडकले आहे, त्याच्या शेपटाची बाजू लक्षात राहत नाही). तीन, वरच्या मजल्यावरच्या हिल्डाबायशी न भांडणे. चार, हलवा बंद.

आज चालायला गेले नाही. ऊन. नोव्हेंबरात इतकं ऊन असू नये, तक्रार कुणाकडे करायची माहीत नाही.

माझा व्हिजिट व्हिसा तीन डिसेंबरला संपतो. जयेशला म्हटलं वाढव. तर म्हणाला, आई, आम्ही दिवसभर ऑफिसात, तू इथे बहरीनमध्ये, या हूराच्या फ्लॅटमध्ये एकटी बसून काय करणार? विरारला दादा आहे, वहिनी आहे, शेजार आहे. आहेत ना, सगळे आहेत. आठ वर्षांत तिथे मला एकच प्रश्न विचारला गेला, गोळी घेतली का.

जयेशला कारण हवंय. कारण शोधणे. हा पाचवा संकल्प.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४.
कारण सापडलं. वरच्याच मजल्यावर होतं.

हिल्डाबायचं इडलीपात्र परत द्यायला गेले (तिने तिसऱ्यांदा मागितल्यावर). तिचा नवरा थॉमस जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन बसलेला. वसईचा माणूस. एकोणतीस वर्षं इथल्या हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर, आता ख्रिसमसच्या आधी कायमचा गावी जाणार. टेबलभर लोखंडाचे बिल्ले. एक्केचाळीस. शिपायाचं टोपडं, खाली दोन तलवारी, कडेने पानं. मी विचारलं, बस कंडक्टरचे का? म्हणाला, नाय मावशी, जर्मनीचे. पहिल्या महायुद्धातले. जो शिपाई जखमी झाला त्याला मिळायचा. एक-दोनदा जखमी तर काळा, तीन-चारदा तर पांढरा, पाच आणि वर तर पिवळा.

मी म्हटलं, तव्याने भाजणं आणि विळीने कापणं धरलं तर मला पिवळ्यांची माळ घालावी लागेल.

हिल्डाबाय हसली. प्रथमच. नोंद करून ठेवते.

थॉमसची अडचण अशी. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, आपल्या लोकांचं छंद प्रदर्शन आहे. गावी जाण्याआधी एकदा तरी त्याला हे चार लोकांसमोर मांडायचेत. प्रत्येक बिल्ल्याखाली चिठ्ठी हवी, कुठल्या कारखान्याने बनवला. बिल्ल्यावर नाव नाही. त्याचं जाडं पुस्तक म्हणतं, नाव नसलं तरी कारखाना ओळखता येतो, घडण बघा, पिन बघा, बिजागरी बघा, मुलामा बघा. पुस्तक घेतल्यापासून अकरा वर्षं बघतोय, त्याला सगळे सारखेच दिसतात.

मी एक उलटा केला. दुसरा उलटा केला. अंगावर काटा वगैरे आला नाही, पण चहा गार झाला.

मालाडला खिमजीशेठच्या गाळ्यात मी एकोणीस वर्षं ब्रोचच्या मागे पिना बसवल्या. बिजागरी ठेवायची, टाकणखार लावायचा, फुंकणीने जाळ, डाखाचा एक ठिपका वितळवला की पिन चिकटली. चौदा जणी होतो. ढिगातला कुठलाही ब्रोच उलटा करून मी सांगायची, हा सुलभाचा, हा त्या रडक्या मंदाचा. खराब माल कुणाचा ते शेठ मला विचारायचा, मॅनेजरला नाही. चौथीपर्यंत शिकले, पण डाख वाचता येतो.

बायका ओळखते तर कारखाने ओळखणं काय अवघड? कारखाना म्हणजे मोठी बाई.

थॉमसला म्हटलं, ते पुस्तक मिट. मी आले आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
जयेशला सांगितलं, वरती आंतरराष्ट्रीय काम निघालं आहे. अठ्ठावीसला सगळ्या बहरीनसमोर सिद्ध होईल. त्यानंतर लोक मला सोडणार नाहीत, तेव्हा व्हिसाचं बघ. मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, बघू आई.

म्हणजे हो. याचे वडील लग्नाच्या वेळी एवढंही बोलले नव्हते.

सून लीना म्हणाली, आई, तुम्हाला बरं वाटतंय ना? हिला माझा आनंद म्हणजे बीपी वाटतं.

चालणे: लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले. एक मजला. चालणंच ते.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.
दोन कारखाने पकडले.

कारखाना पहिला, कंजूस. डाखाचा ठिपका मोहरीएवढा. बिजागरी नुसती टेकवलेली. नऊ बिल्ले.

कारखाना दुसरा, ओघळ्या. डाख मेणबत्तीसारखा वाहिलेला, वरून कानससुद्धा फिरवली नाही. असा माल मी केला असता तर शेठने फुंकणी माझ्याच तोंडात कोंबली असती. आठ बिल्ले.

थॉमस पुस्तकातून जर्मन नावं वाचून दाखवतो. एकेक नाव इतकं लांब की शेवट येईपर्यंत सुरुवात विसरते. म्हटलं, नावं मी ठेवीन, तू चिठ्ठ्या लाव. तो म्हणाला, मावशी, तुमचा कॉन्फिडन्स बघून माझा पण वाढला. बिचारा. अकरा वर्षं वाया घालवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
आजचा शोध मोठा. कारखाना तिसरा, डावखुरा.

कानशीचे ओरखडे सगळे उलट्या अंगाने. आकडा, म्हणजे पिनेचं टोक अडकवायची कडी, तीही उलट्या बाजूने वाकवलेली. रडकी मंदा डावखुरी होती, तिचे असेच यायचे. म्हणजे हा अख्खा कारखाना डावखुरा. जर्मनीत तसं गाव असणार. थॉमस दबकत म्हणाला, मावशी, सगळेच्या सगळे? मी म्हटलं, पाण्यामुळे.

कश्मिरा शाळेतून आली, तिला सांगितलं. सहावीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. म्हणाली, होल फॅक्टरी, आजी? रिअली? मी म्हटलं, रिअली. प्रश्न विचारायची ही सवय शाळेमुळे लागते. मला लागायच्या आत शाळा सुटली, देवाची कृपा.

क्यू अजून तिथेच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी.
हिल्डाबायने हलवा पुढे केला. दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे तिच्या घराचा अपमान. तीन वाट्या झाल्या, कारण मधे ती फोनवर बोलत होती आणि ताटली माझ्याच समोर होती.

मग भांडण. सुरुवात तिची. म्हणाली, आंटी, दहा दिवस झाले, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. टेबल मफी? (मफी म्हणजे नाही, इथली अरबी.) मी म्हटलं, बाय, इतिहासाला जागा लागते. ती म्हणाली, इतिहासाला तुमचं टेबल का नाय देत? मी म्हटलं, आमच्या टेबलाला लीनाचं काचेचं टॉप आहे, ओरखडे पडतील. थॉमस भिंगाआड लपला. पुरुष.

संकल्प तीन उद्यापासून नव्याने.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
कारखाना चौथा. काळ्या बिल्ल्यांच्या पाठीवर लाख ओली असतानाच कुणीतरी अंगठा दाबलेला. सात बिल्ले, सातही ठिकाणी एकाच कोपऱ्यात, एकच अंगठा. ही त्या कंपनीची खूण. आपल्याकडे शिक्का मारतात, ते अंगठा मारतात. जर्मन लोक किती शिस्तीचे ते इथे कळतं. इतक्या कामगारांचा अंगठा एकसारखा यायला केवढं ट्रेनिंग दिलं असेल.

थॉमसने भिंगातून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, मावशी, तुम्ही आधी भेटायला हव्या होत्या. मी म्हटलं, आधी मी व्हिजिटवर नव्हते.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९.३०.
कारखाना पाचवा आणि शेवटचा. हा मुलाम्यावरून. चार-पाच बिल्ल्यांवर पांढरा मुलामा असा बसलाय की लग्नात द्यावा. बाकीच्यांवर अर्धवट, कडा उघड्या, पिन तिरकी. पण हात तोच. उलगडा तासाभरात झाला. सकाळची पाळी जागी, दुपारची पाळी झोपलेली. म्हटलं, यांच्या जेवणात भात असणार. थॉमस म्हणाला, जर्मन लोक बटाटा खातात. मग बटाटा.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस लागले. खलास. एकही उरला नाही. शास्त्र पूर्ण झालं.

लीनाने माळ्यावरून माझी सूटकेस खाली काढली आहे. धूळ बसली असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
थॉमसबरोबर मनामा सूकला, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात. हे सगळे बिल्ले त्याने बावीस वर्षांत एकाच दुकानातून घेतले, पगार झाला की एखादा. दुकान अर्सलानचं. जुनी घड्याळं, जुने फोन, जुना अर्सलान. मला बघून उठून उभा राहिला, खालाजान आइये, चहा सांगितला. हिंदीत म्हणाला, माल सौ टका जर्मन, एका जर्मन जहाजाच्या कॅप्टनकडून येतो. मी विचारलं, अजून येतो? तो म्हणाला, इंशाल्ला, अगले महिने फिर आएगा.

पहिल्या महायुद्धातला कॅप्टन आणि अजून माल पाठवतो. दणकट माणूस.

मग काउंटरखालून बिस्किटाचा डबा काढला. झाकण उघडलं तर काठोकाठ बिल्ले. तेच टोपडं, त्याच तलवारी. मी म्हटलं, थॉमस, त्या युद्धात फारच लोक जखमी झाले रे. तो डब्याकडे बघत राहिला. आनंदाने असणार.

चालणे: सूकमध्ये भरपूर. महिन्याचं झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
चिठ्ठ्या तयार. मी सांगितलं, कश्मिराने इंग्लिशमध्ये लिहिलं. फॅक्टरी वन, फॅक्टरी टू, असं पाचपर्यंत. डावखुऱ्या गावाचा नकाशा काढ म्हटलं तर म्हणाली, आजी, नो.

हिल्डाबायने बातमी आणली. ती दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते. तिथली एक पेशंट, उटेबाई, राहायला अमवाजला, मूळची जर्मन, तिकडे म्युझियममध्ये जुनी पदकं-बिल्ले तपासायची. आता रिटायर. तिला प्रदर्शनाला बोलावलं आहे. थॉमसचा घास हातातच राहिला. म्हणाला, हिल्डा, मला विचारायचं तरी.

मी म्हटलं, घाबरतोस काय? इतके दिवस बोलायला माझ्या तोडीचं माणूस नव्हतं, ते आलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७.
जयेशला दारात गाठलं. आठवडा उरला, व्हिसाचं काय? बुटात पाय घालताना म्हणाला, हो हो, बघतोय. आधी बघू होतं, आता बघतोय झालं. प्रगती आहे. प्रदर्शनाला ये म्हटलं. म्हणाला, पार्किंग मिळालं तर.

भाषण पाठ केलं. मोरपंखी साडी. सूटकेस अजून हॉलमध्येच आहे, येता-जाता पायाला लागते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ८.
आज. देवासमोर दिवा लावला. पोह्यांत मीठ दोनदा पडलं, कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना प्रसंगाचं गांभीर्य आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.
क्रमाने लिहिते.

हॉल गच्च. आमच्या एका बाजूला एक गृहस्थ, हॉटेलांतून आणलेले तीनशे साबण मांडून. दुसऱ्या बाजूला भरतकाम. मधे आमचं टेबल, काळी मखमल, पाच रांगा. सगळे बिल्ले उलटे. थॉमसला पुढची बाजू दाखवायची होती, मी करू दिलं नाही.

अकराला उटेबाई आली. उंच, पांढरे केस, पिशवीतून स्वतःचे हातमोजे आणि स्वतःचं भिंग काढलं. मला आवडली. मी भाषण केलं, कश्मिराने इंग्लिशमध्ये सांगितलं. कंजूस, ओघळ्या, डावखुरा, अंगठा, झोपाळू. बाई एकदाही हसली नाही. मग खाली वाकली आणि वीस मिनिटं वाकलेलीच. थॉमसच्या कपाळावरून घाम. हिल्डाबायने त्याचा शर्ट मागून धरून ठेवलेला.

बाई सरळ झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, फाइव्ह. करेक्ट. एकही बिल्ला चुकीच्या रांगेत नाही.

मी थॉमसकडे बघितलं. थॉमसने हिल्डाबायकडे बघितलं. साबणवाल्याने टाळी वाजवली.

मग बाईने एक बिल्ला सुलटा केला. शेजारच्या रांगेतला दुसरा सुलटा केला. एकेक करत पाचही रांगांतले. आणि मला भिंग दिलं. डावीकडच्या तिसऱ्या पानाला एक बारीक टवका. याला टवका, त्याला टवका, सगळ्यांना तिथेच टवका. कश्मिरा हळूच म्हणाली, आजी, शी सेज दे आर ऑल फ्रॉम वन डाय.

एकच ठसा. एका ठशातून सगळे ठोकलेले. एकच कारखाना. लाखही लाख नाही, स्प्रेचा रंग. फार तर चाळीस वर्षांचे. जर्मनीचे नाहीत. कुठले ते बाईलाही सांगता येईना. टुरिस्टांसाठी कुठेतरी एका खोलीत पाच माणसं बसून बनवायची, म्हणाली. पाच कारखाने नाहीत. पाच हात.

मी पुढून बघितलंच नव्हतं. एकोणीस वर्षांत कधी बघितलं नाही. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते.

थॉमसची बावीस वर्षं. तो रांगेत वाकडा झालेला एक बिल्ला बोटाने सरळ करत राहिला. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. म्हटलं, पाणी पी. प्यायला. हिल्डाबाय, जी टेबलासाठी महिनाभर माझ्याशी भांडली, ती उटेबाईला म्हणाली, मॅडम, नीट बघा ना परत एकदा. बाईने खरंच परत बघितलं. मग मान हलवली.

थॉमसने ग्लास ठेवला. म्हणाला, मावशी, कारखाने खोटे. पण ही पाच माणसं?
मी म्हटलं, ती खरी. शंभर टक्के.
म्हणाला, मालाडची तर नसतील?
मी म्हटलं, मालाडला इतकं वाईट काम होत नाही.

तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग साबणाच्या टेबलाला धरून. हिल्डाबाय घाबरून त्याला चापट्या मारते आहे. त्याने कश्मिराला पेन दिलं, प्रत्येक चिठ्ठीवर फॅक्टरी खोडायला लावलं आणि मला म्हणाला, आता सांगा यांच्याबद्दल.

सांगितलं. हा काटकसरी, यानेच उरलेला डाख घरी नेला असणार. हा ओघळ्या नवा भरती झालेला, जाळाला भितो. हा डावखुरा, सगळे त्याला चिडवतात, पण सर्वांत सफाई त्याचीच. हा अंगठेवाला रंग वाळायची वाट बघत नाही, त्याला बस पकडायची असते. आणि हा जेवला की संपला. लोक साबण सोडून इकडे आले. वडोदऱ्याच्या एका बाईने विचारलं, डावखुऱ्याचं लग्न झालं होतं का? हिल्डाबायने माझ्याआधी उत्तर दिलं, झालं होतं, बायको पण डावखुरी. तिला कसं माहीत? मी खोडलं नाही. उटेबाईने दोन कप चहा घेतला आणि झोपाळूच्या रांगेपाशी बराच वेळ उभी राहिली. तिचा नवरा तसाच असेल.

पहिलं बक्षीस साबणाला. आम्हाला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ म्हणजे पुढच्या वर्षी पहिलं, हे त्यांनी एक प्रकारे लिहूनच दिलं.

जयेशला पार्किंग मिळालं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.
शांतपणे विचार केला. मी चुकले का? नाही. मी पाच म्हटलं, पाच निघाले. जर्मनीहून आलेली बाई करेक्ट म्हणाली, साक्षीदार आहेत. राहिला कारखान्याचा किरकोळ मुद्दा, तर तो थॉमसच्या पुस्तकाचा दोष. त्याने मला कारखाने शोधायला सांगितले, माणसं शोध म्हटलं असतं तर तीच शोधली असती.

थॉमस सकाळी अर्सलानकडे जाऊन आला. अर्सलान छातीवर हात ठेवून म्हणाला म्हणे, या अल्ला, कॅप्टनने मला पण फसवलं. आणि चहा सांगितला. थॉमसने चहा घेतला आणि डब्यातला एक बिल्लाही घेऊन आला. मला दाखवायला. उलटा करून विचारतो, हा कुणाचा? मी म्हटलं, सहावा आहे. आठवडाभर आधी बघायला हवा होता. वेगळाच हात, मुलगी असणार, पिन फार जपून बसवलीये. दोघं तासभर त्यावर बसलो. हिल्डाबायने आपणहून टेबल पुसून दिलं.

माझ्याशिवाय हे काम पुढे जाणार नाही, हे आता जयेशलाही पटेल. संध्याकाळी विचारते. मुद्देसूद. तीन मुद्दे काढलेत. एक, उटेबाईचं मत. दोन, उत्तेजनार्थ. तीन, सहावी.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.
व्हिसा वाढला. तीन महिने.

काल मुद्दा एक सुरू करणार, तोच जयेश म्हणाला, अगं, तुझं एक्स्टेंशन आलं, सांगायचं राहिलं. मी म्हटलं, बघ, शेवटी प्रदर्शनच कामी आलं. तो म्हणाला, कुठलं प्रदर्शन? मग म्हणाला, हां, ते. कसं झालं?

अर्ज अकरा तारखेलाच भरला होता. तेव्हा माझे दोनच कारखाने झाले होते. लीनाला एक तारखेपासून लॅबमध्ये पहाटेची शिफ्ट लागली आहे, जयेश सहाला निघतो, कश्मिराची स्कूल बस सव्वासहाला. डबा द्यायला, दार लावायला घरात कोणीतरी हवं.

कोणीतरी.

अर्धा तास कुणाशी बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मीच विचारलं, डब्याला काय लागतं. लीना म्हणाली, भेंडी चालेल, पण आई, चिकट नको, कश्मिरा परत आणते.

भेंडी धुऊन फडक्यावर पसरली आहे. एकेक पुसावी लागेल. वर निरोप पाठवला आहे, आज येणं होणार नाही.